हिंगाच्या डबीतला गहू

मंगलाबाईंच्या नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पापडांना पंचवटीत तोड नव्हती, आणि हे त्या स्वतःच दिसेल त्याला सांगत असत! गल्लीतल्या बायका गोळा करून त्यांनी गृहउद्योग सुरू केला, पेठ तालुक्यातून नागली आणणारी सगुणाबाई जोडीला घेतली आणि बघता बघता पाकिटं नाशिकरोडपर्यंत जाऊ लागली. पाकिटावर ठसठशीत छापलेलं असे, ‘शुद्ध नागली पापड’. खाली भाव आणि फोन नंबर, झालं. २००४-०५ च्या त्या दिवसांत घरगुती मालावर याहून जास्त काही छापायचं असतं, हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

पण वाचकहो, अशा नावाजलेल्या बाईंच्या घरातच त्यांची नात रोशनी काही केल्या अंग धरत नव्हती. सात वर्षांची पोर, पण पहिलीतली मुलंसुद्धा तिच्याहून उंच. सारखं पोट फुगायचं, जुलाब व्हायचे. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, हिला गव्हातलं ग्लुटेन सोसत नाही. गव्हाचा कणही पोटात जाता कामा नये, नाहीतर वाढ खुंटेल. मंगलाबाई म्हणाल्या, एवढंच ना? नागलीचं घर आमचं! त्याच दिवशी त्यांनी गव्हाचा डबा शेजारी देऊन टाकला. पोळ्या बंद, बिस्किटं बंद, शेवया बंद.

सविता, म्हणजे रोशनीची आई, मुलीला घेऊन माहेरी सायखेड्याला जाऊन राहिली. पोर तिथे अशी सुधारली की गाल वर आले! पंचवटीत परतली आणि पुन्हा पोट धरून बसली. मंगलाबाईंनी घरचा उपाय सुरू केला. पोटदुखीवर हिंग, हे त्यांच्या आईनं सांगितलेलं आणि त्यांनी जन्मभर पाळलेलं. सकाळी ताकात हिंग, संध्याकाळी वरणात हिंग आणि नातीसाठी वेगळे लाटलेले पापड, त्यात दुप्पट हिंग. पोट जास्त दुखलं की चिमूट मोठी व्हायची.

तरी पोरीचं वजन उतरतच गेलं आणि एका दुपारी तिला सलाईन लावायची पाळी आली. मंगलाबाईंचा ताबा सुटला. दवाखान्यात चार माणसांदेखत त्या सुनेला नाही नाही ते बोलल्या. पोरगी रडली की तू चोरून बिस्किट देतेस, तुझ्या हातानं तिला मारतेस, इथपर्यंत गेल्या. सवितानं मान वर केली नाही. एवढंच म्हणाली, “आई, सायखेड्याला ती बरी होती. तिथेही मीच भरवत होते.” सासूबाईंना ते माहेरचं कौतुक वाटलं आणि त्या आणखी भडकल्या.

बाकावर शेजारी बिलकिस बसली होती. जुन्या नाशकातली, शाळेत विज्ञान शिकवणारी. तिच्या मुलीला, इन्शालाही हाच आजार होता, म्हणून तीही तपासणीला आली होती. तिनं मंगलाबाईंना पाणी दिलं, त्यांचा पारा उतरू दिला आणि मग हळूहळू विचारलं, घरात काय काय शिजतं, पापडात काय काय पडतं. मंगलाबाईंनी अभिमानानं सगळं सांगितलं. नागली, मीठ, पापडखार, तीळ, जिरं आणि सढळ हातानं हिंग.

“हिंग डबीतला?” बिलकिसनं विचारलं.

“मग? उत्तम कंपनीचा. झाडाचा चीक तो, त्यात कसला आलाय गहू!”

“काकू, राग मानू नका. नुसता चीक फार जहाल असतो, कुणाला तसा वापरता येत नाही. म्हणून डबीत भरताना त्यात पीठ मिसळतात, बहुतेक गव्हाचंच. माझी इन्शा त्यापायी वर्षभर आजारी होती आणि मी शिक्षिका असून मला पत्ता नव्हता. डबीवर लिहिलंच नव्हतं, तर कळणार कसं?”

मंगलाबाई सवितेकडे वळल्या. “तुझ्या माहेरी हिंग खातात का गं?”

“नाही आई. आमच्याकडे लसणाची फोडणी.”

हे ऐकलं मात्र, बाई तशाच उठल्या आणि रिक्षा करून रविवार कारंजावर मसाल्याच्या दुकानात गेल्या! दुकानदारानं हसत हसत सांगितलं की बांधणीच्या, म्हणजे डबीत मिळणाऱ्या तयार हिंगात पीठ असतंच, निम्म्याहून जास्त, त्यात नवल ते काय. ज्या हातांनी औषध म्हणून दिलं, त्याच हातांनी त्या पोरीला गहू भरवत होत्या! दवाखान्यात परतल्या त्या रडतच. सुनेचे दोन्ही हात धरून, ज्या माणसांसमोर बोल लावले होते त्यांच्यासमोरच म्हणाल्या, “मी चुकले, सविता. तुझं काही चुकलं नव्हतं.”

हिंग बंद झाला आणि रोशनी सुधारू लागली. पण बाई कसल्या स्वस्थ बसतात! आपली पाकिटं खाऊन आणखी कुणाची रोशनी पोट धरून बसली असेल, या विचारानं त्यांना घास गोड लागेना. त्यांनी बायका जमवल्या आणि सांगितलं, पाकिटावर लिहायचं, यातल्या हिंगात गव्हाचं पीठ आहे. एकच गलका झाला. सगुणाबाई म्हणाली, “ताई, नागलीच्या पापडावर गहू लिवला तर लोक भेसळ म्हणतील. लय कष्टानं नाव कमावलंय.”

बिलकिस मुद्दाम आली होती. ती म्हणाली, “खाणारा आपल्यावर विश्वास टाकून घास उचलतो. त्यात काय आहे हे त्याला ठाऊक नको? आज तुम्ही मनानं लिहा. पण हिंगवाले, बिस्किटवाले, फरसाणवाले, सगळ्यांनी लिहिलं पाहिजे, तसा कायदाच हवा. तो आपण मागायचा.”

सगुणाबाई म्हणाली, “माझी नात असती तर मी पयलं लिवलं असतं. छापा.”

डोंगरे मैदानावर गृहउद्योगांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा नव्या पाकिटांवर लाल अक्षरांत ती ओळ होती. शेजारी हिंगाशिवायचे पापड वेगळे मांडलेले. आणि टेबलापुढे कापडी फलक, ‘पाकिटात गहू असेल तर पाकिटावर गहू लिहा! सक्ती झालीच पाहिजे!’ लोक थबकायचे, विचारायचे, मागणीच्या अर्जावर सह्या करायचे. बाई सांगून सांगून घसा बसेपर्यंत बोलत होत्या, आणि काय तो उत्साह!

दुपारी चांदवडची एक तरुण बाई आली, कडेवर किडकिडीत पोर. तिनं पाकीट उचललं, लाल ओळ वाचली आणि चटकन खाली ठेवलं. सगुणाबाईचं तोंड उतरलं, गेलं गिऱ्हाईक! पण त्या बाईचे डोळे भरून आले होते.

“ह्याला गहू चालत नाही,” ती म्हणाली. “दुकानादुकानात विचारत फिरते, कुणी धड सांगत नाही. पाकिटानं आपणहून सांगितलं, असं आज पहिल्यांदा झालं.”

मंगलाबाईंनी हिंगाशिवायचं पाकीट फोडून भाजलेला पापड पोराच्या हातात दिला. तो कुरकुर वाजवत खाऊ लागला आणि त्याची आई, किती दिवसांनी कोण जाणे, निर्धास्तपणे नुसती बघत उभी राहिली.

वाचकहो, तेवढा निर्धास्तपणा प्रत्येक आईचा हक्क आहे. घास विकणाऱ्यानं घासात काय आहे ते सांगितलंच पाहिजे, आणि आपण ते विचारलंच पाहिजे. एक ओळ छापायला शाई ती किती लागते?