तिसऱ्या ढिगाची रेघ

"काहीही विचारा, ही नुसती हसते! तोंडात मिठाची गुळणी धरलीय का?" मालकीणबाई करवादल्या.

सून मातीच्या तीन ढिगांशेजारी उकिडवी बसून पिशवीतून यंत्र काढत होती. लग्न होऊन या कुंड्यांच्या कारखान्यात आली तेव्हापासून सासूला उलट उत्तर म्हणून तिने दिलं नव्हतं, आणि मालकीणबाईंना राग त्याचाच जास्त. माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. हल्ली भट्टीतून तडकलेल्याच कुंड्या फार निघायला लागल्या, म्हणून तिने साहेबांना विचारून यंत्र घरी आणलं होतं.

मालकीणबाईंनी सगळं खापर भट्टीच्या आचेवर फोडलं होतं. मातीचा दोष असणं शक्यच नव्हतं. माती त्या स्वतः पास करायच्या. चिमूटभर बोटांत चोळायची आणि "घ्या" नाहीतर "परत न्या" म्हणायचं. शाळेचं तोंड त्यांनी जेमतेम पाहिलं होतं, पण माती आणणारे ट्रकवाले त्या बोटांना टरकून असत.

"हा काय, टॉर्च?"

"दिवाच आहे, आई. मातीला टेकवायचा. माती किती उजेड गिळते, किती परत देते, ते यंत्र मोजतं."

"आणि ही बशी?"

"बशी नाही हो. ही पांढरी चकती त्याला आधी दाखवायची. सगळा उजेड परत आला तर कसा दिसतो, हे कळायला नको का?"

"म्हणजे आधी गोरी दाखवायची, मग सावळीला नावं ठेवायची. अगदी तुझ्या आत्येसासूबाई!"

सून खुदकन हसली. मालकीणबाईंनी स्टूल पुढे ओढलं.

पहिल्या ढिगातल्या वाळलेल्या, कुटलेल्या मातीला दिवा टेकला. पडद्यावर एक रेघ चढत गेली आणि एका जागी खाली घसरली.

"इथे का गं पडली?"

"तिथला उजेड पाण्याने गिळला. काही माती वरून वाळली तरी आत पाणी धरून बसते. जितकं जास्त धरेल, तितका खड्डा खोल. अशी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते."

"आणि आकसली की तडकते."

"हो."

"माझ्या बोटाला लाव बघू."

"अहो, ते मातीसाठी..."

"लाव म्हणते ना!"

"दिवा गरम असतो. चटका बसला की सांगा."

रेघ पार तळाला गेली. "बाई गं! एवढं पाणी? मला वाटलं, नुसती हाडंच उरलीत." त्या मनापासून हसल्या. सुनेने दिवा उचलला. बोटाच्या टोकावर लालभडक गोल उमटला होता. दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या.

"कामाची बोटं आहेत," मालकीणबाई म्हणाल्या. "पुढचा ढीग घे."

दुसरी रेघ पहिलीवर बेमालूम बसली. तिसरी मात्र त्याच जागी खोल खड्ड्यात गेली. सुनेने घाईघाईने पडदा स्वतःकडे वळवला.

तेवढ्यात भट्टीकडून मालकीणबाईंचा मुलगा आला. "काय म्हणतंय यंत्र?"

"तिन्ही माती सारख्याच," सून म्हणाली. "फक्त तिसरीत भाजलेल्या कुंड्यांचा चुरा मिसळायचा. आईंनीच सांगितलंय."

"आई म्हणाली ना? मग मिसळू." तो वळला.

मालकीणबाईंनी असलं काही सांगितलं नव्हतं. त्यांनी पहिल्या ढिगातली चिमूट उचलून चोळली. मग तिसऱ्यातली. बोटांना काहीच कळलं नाही. ना हिचं, ना तिचं. हे कधीपासून, तेही आठवेना. त्यांनी हात पदराला पुसले.

"थांब रे," त्यांनी मुलाला हाक मारली. "तिसरी माती मी चुकीची घेतली. हिला दिसलं. चुरा मिसळला की ती कमी आकसेल, हे डोकंही हिचंच."

सुनेने मान खाली घातली. "आई, मला वाटलं..."

"काय वाटलं ते कळलं मला. गुणाची आहेस, पण खोटं बोलायला तुला मुळीच येत नाही, आणि माझ्यासाठी तर शिकूही नकोस. उद्यापासून माती तू पास करायचीस. आणि चुकलीस ना, तर सगळ्यांसमोर बोलेन. तुझ्यासारखं झाकणार नाही."