तिन्ही रेघा एकाच अंगाला

सूक्ष्मदर्शकाखालच्या फोटोच्या काचेत, कार्बनचा अणुगाभा फुटला होता तिथून, धुक्यात दिवे लांब जावेत तशा तीन रेघा निघाल्या होत्या. प्रत्येक रेघ म्हणजे चार कणांचं घट्ट कुटुंब. काचा तपासणाऱ्या आत्याला काल रिकामं झालेलं आपलं राहतं घर आठवलं. तिचे तिन्ही भाऊ वेगळे झाले आणि बायकामुलांसह चौघं-चौघं करून तीन गाड्यांतून निघून गेले.

“तीन चोक बारा. कार्बनचे कणही बारा. जुळलं, लिहून टाका,” साहेब म्हणाले.

“कुठलं जुळतंय! तिन्ही रेघा एकाच अंगाला झुकल्यात. म्हणजे उलट्या दिशेला कुणीतरी गेलंय. न्यूट्रॉन असणार, तो रेघ सोडत नाही. हा तेरा कणांचा, जड कार्बन होता.”

तिनं वहीत ‘तेरा’ लिहिलं आणि टेबलाखालची आपली कपड्यांची बॅग पायानं जवळ ओढली.