पाणकराचा आवाज

रेणू डबा घेऊन तलावाच्या पाळीवर चढली, तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. पाऊस थांबला होता. तिचे वडील उमराव दगडी पायऱ्यांवर उकिडवे बसून पाणी पाहत होते. ते या तलावाचे पाणकर. पाळीची राखण आणि पाण्याची वाटणी तीन पिढ्यांपासून त्यांच्याच घरात होती.

"पाच पायऱ्या कोरड्या हायेत," ते मान न वळवताच म्हणाले. "पाळीले काई होत नाही. भाजी कायची हाये?"

"वांग्याची."

"पुन्हा वांगे! तुया मायले वाडीत दुसरं काई दिसतच नाही."

पाळीवर मोबाईलला रेंज फक्त मोहाच्या झाडाखाली यायची. दोघे तिथे डबा उघडून बसतात तोच रेणूचा फोन थरथरू लागला, तो थांबेचना. गावाच्या ग्रुपवर एकच ऑडिओ पुन्हा पुन्हा येत होता. तिने तो लावला.

"मी उमराव बोलून रायलो. पाळ फुटते. घरं सोडा, नाल्यापल्याड शाळेत जा. लवकर निंघा."

उमरावांच्या हातातला घास तसाच राहिला. "मी कवा बोललो हे?"

दोन वर्षांपूर्वी बोलले होते. तेव्हा एकच पायरी कोरडी उरली होती आणि पाळ झिरपत होती. बी.एस्सी.ला असलेल्या रेणूनेच फोन त्यांच्या तोंडाशी धरला होता. नाल्याला तेव्हा घोटाभर पाणी होतं. सगळं गाव पायी शाळेत पोचलं आणि वाळूच्या पोत्यांनी पाळही टिकली. आज उलटं होतं. तलावात जागा होती, पण नाला नागझिऱ्याच्या जंगलातून येतो आणि रात्रभर पाऊस तिकडेच कोसळला होता. ती निघाली तेव्हाच नाल्यावरच्या रपट्यावरून, त्या ठेंगण्या फरशी पुलावरून, पाणी वाहत होतं.

तिने घाईघाईने लिहिलं, 'ऑडिओ जुना आहे. पाळ शाबूत आहे. कुणीही रपटा ओलांडू नका.'

शेजारच्या शामकलाचं उत्तर लगेच आलं. तिला लिहायचा कंटाळा, ती बोलूनच पाठवायची. "तू का पाणकर झालीस का वो? तुया बाबाचा आवाज मी ओरखत नाही का? लेकरं घेऊन निंघून रायलो आमी."

रेणूने वडिलांपुढे फोन धरला. "बोला बाबा."

"पाळ फुटत नाही. घरीच राहा," उमराव ओरडले.

हाही ऑडिओ गेला. मिनिटभराने कुणीतरी विचारलं, 'दोन्ही आवाज उमरावजीचेच. कोणता आताचा?'

प्रयोगाच्या वहीत आधी तारीख आणि वेळ लिहायची, मग आकडा, हे रेणूला कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून पाठ होतं. वडिलांच्या आवाजावर तारीख टाकायचं मात्र तिला सुचलं नव्हतं. ना तेव्हा, ना आता.

"वार सांगा. वेळ सांगा. पायऱ्या सांगा."

"आज शुक्रवार. पावणेदहा. पाच पायऱ्या कोरड्या हायेत," उमराव एकेक शब्द सुटा करत म्हणाले. "दोन सालामांगं एकच होती, सगळ्यायनं पायली होती. मांगं फिरा."

पायऱ्यांचा हिशेब गावातल्या पोराटोरालाही कळायचा. माणसं रपट्याच्या अलीकडे थांबली. 'थांबलो,' असं लिहून आलं. मग काहीच आलं नाही.

"तुयी माय?" उमरावांनी विचारलं.

दोघांनाही उत्तर ठाऊक होतं. पाणकरानं गाव सोडा म्हटलं की आधी पाणकराचं घर निघतं; त्याशिवाय गाव कशाला निघेल? रेणूच्या आईचा, जमुनाबाईंचा, साधा फोन घरात चुलीजवळ पडलेला असायचा. नवऱ्याचा आवाज त्यांनी शामकलाच्या फोनवर ऐकला होता, आणि लोकांना धीर यावा म्हणून पहिलं पाऊल त्यांनीच रपट्यावर टाकलं होतं.

दुपारी त्यांचा देह नाल्याच्या खालच्या अंगाला बाभळीत अडकलेला सापडला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा पाऊस लागला. उमराव पाळीवर आले, मागे रेणू. ग्रुपवर कुणी काही विचारत नव्हतं. विचारायची लाज वाटत असावी.

"तो आवाज कोनं धाडला?" त्यांनी विचारलं.

रेणूने रात्रीच शोधून काढलं होतं. तिचा भाऊ हिमांशु पुण्याला होता. टीव्हीवर पाऊस पाहून त्याने जपून ठेवलेला तो ऑडिओ गावातल्या तिलकला पाठवला होता. खाली लिहिलं होतं, 'बाबांचा हा मेसेज आजचा तर नाही ना?' तिलकने खालचं न वाचता ऑडिओ पुढे ढकलला.

"हिमांशुनं," ती म्हणाली.

उमराव पायऱ्या मोजायला खाली वाकले. "मंग विचारलं काऊन नाही त्यानं?"

"विचारलं होतं बाबा. आवाज पुढं गेला, विचारनं मांगंच रायलं."

हिमांशु दुपारपर्यंत पोचणार होता. उमरावांनी हात पुढे केला. रेणूने फोन दिला, त्यांनी बटण दाबून धरलं.

"आज शनिवार, अठरा ऑगस्ट. सकाळचे सात. चार पायऱ्या कोरड्या. पाळ शाबूत हाये. रपट्यावर पानी हाये, कोनी जाऊ नका."

बोलून झालं तरी त्यांचा अंगठा उचलला गेला नाही. रेकॉर्डिंगमध्ये फक्त पाऊस आणि त्यांचा श्वास भरत राहिला. रेणूने त्यांचा अंगठा हलकेच सोडवला. मेसेज गेला.