आईच्या आवाजावर

पद्मिनी वाचता वाचता थांबली, आणि बाळकाकांच्या बेसमेंटमध्ये कुणालाच कळेना, हा विराम कथेतला आहे की तिचा. फोल्डिंगच्या खुर्च्यांची कुरकुर थांबली. कोपऱ्यातला हीटर तेवढा गुरगुरत राहिला. शरयूने चिवड्याची बशी मांडीवर घट्ट धरली. त्या शांततेचं कारण खोलीत दोघींनाच ठाऊक होतं.

अमेरिकेतल्या एडिसन गावच्या या कथावाचनाची रीत अशी, की लेखकाने आपली कथा स्वतः वाचायची नाही. कागद बिननावाचे काकांकडे द्यायचे, वाचायचं दुसऱ्याने, आणि वाचन संपल्यावरच नाव उघड करायचं. वाचण्याचं काम नेहमी वीणाचं. आज तिची गाडी बर्फात अडकली, म्हणून काकांनी कागद पद्मिनीच्या हाती दिले. शरयूला उठून ते मागून घेता आले असते. ती उठली नाही.

दोन वर्षं ती इथे कथा देत होती. तळी, चांदणं, वाट पाहणाऱ्या स्त्रिया. "हिच्या प्रत्येक कथेत तळं," विष्णू म्हणायचा, "एक लाइफगार्ड ठेवा यार!" नाव झाकून उपयोगच नव्हता, पहिल्या वाक्यालाच सगळे तिच्याकडे बघून हसायचे. एकदा कागद परत करताना काका हळूच म्हणाले होते, "शरयू, चंद्र काढून टाक. माणूस उरतो का बघ." ती घरी जाऊन रडली, आणि मग खरोखरच एकेक चंद्र खोडत गेली.

या खेपेला माणूस उरला होता. तो तिचा मात्र नव्हता.

पद्मिनी आणि नागपूरची तिची आई यांच्यात एकच कॅसेट वर्षानुवर्षं ये-जा करायची. फोन परवडायचा नाही. म्हणून आईने बोलून पाठवायचं, लेकीने ऐकायचं, आणि त्याच आवाजावर आपलं उत्तर टेप करून परत धाडायचं. मागच्या हिवाळ्यात पद्मिनीने बर्फाच्या आणि ऑफिसच्या तक्रारी भरून कॅसेट पाठवली. ती पोचण्याआधीच आई गेली. भावाने पाकीट न उघडताच परत पाठवलं. आत पद्मिनीचा स्वतःचाच आवाज होता. त्याच्याखाली पुसली गेलेली आई. हे तिने शरयूला भेंडी चिरता चिरता सांगितलं होतं, आणि सांगताना तिची सुरी एकदाही थांबली नव्हती.

शरयूने तेवढंच लिहिलं होतं. फक्त त्या पुसलेल्या आवाजात काय असेल, ते तिने आपल्या मनाने भरलं: मध्येच कुकरची शिट्टी, "थांब गं, गॅस बंद करून येते," आणि दूर जाणाऱ्या चपला.

"थांब गं," पद्मिनीने पुन्हा वाचायला घेतलं. तिने शेवटपर्यंत वाचलं, आवाज कापू न देता, आणि कागद नीट सारखे करून ठेवले.

कुणी हसलं नाही. विष्णू उगाचच चष्मा पुसत बसला.

"मंडळाच्या अंकात पहिली हीच," काका अखेर म्हणाले. "कुणाची आहे?"

शरयूने हात वर केला.

"तू?" विष्णू थक्क झाला. "अगं, तळं कुठे गेलं?"

या एका आश्चर्यासाठी ती दोन वर्षं तहानली होती. ते पिताना तिला लाज वाटली, आणि तरी ती पीत राहिली.

चहाची गडबड सुरू झाली तेव्हा पद्मिनी तिथे नव्हती. वर दाराशी ती बूट चढवत होती.

"मी नाव बदललं होतं गं," शरयू म्हणाली. "गावही."

"आय नो."

"वाईट झालीये का?"

"चांगली झालीये. तोच तर प्रॉब्लेम आहे." पद्मिनी नाडीशी झटापट करत राहिली. "आईकडे कुकर नव्हताच. भीती वाटायची तिला त्याची. त्या शेवटच्या टेपवर ती काय बोलली, ते मी आठवत असायचे. ड्राइव्ह करताना, भांडी घासताना. थोडं थोडं सापडायलाही लागलं होतं. आता ती शिट्टीच ऐकू येतेय, शरयू. दुसरं काही येतच नाही."

शरयूने तिच्या खांद्यावर हात ठेवला. पद्मिनीने तो झटकला नाही, धरलाही नाही.

"छापू नकोस," ती म्हणाली. मग, वर न बघता, "नाही ना छापणार?"

खालून काकांची हाक आली, "शरयू! चहा निवतोय. सगळे थांबलेत तुझ्यासाठी."

दाराच्या काचेपलीकडे अंगण पांढरं, कोरं पडलं होतं. शरयूने खांद्यावरचा हात काढून कठड्यावर ठेवला, आणि एकेक पायरी उतरत ती खाली गेली.