महरट्टा भाषेतली बाई

रुतिकाने वाक्य अर्ध्यावर सोडलं आणि काचेपलीकडे बसलेल्या आशुतोषला हाताने थांबवलं.

“महरट्टा म्हणजे?”

“मराठीच. जुने इंग्रज तसं म्हणायचे. म्युझियमच्या फलकावर तोच शब्द आहे, त्यांना तसाच हवाय. वाच पुढे.”

आशुतोषचा स्टुडिओ पावणे गावाच्या एमआयडीसीत, पॅकिंगच्या एका कारखान्यावर होता. रुतिका तिथे गेली काही वर्षं आवाज द्यायला येत असे. बँकांच्या जाहिराती, औषधांची माहिती, लहान मुलांच्या गोष्टी. तिचे ण आणि ळ इतके स्वच्छ, की नवे लोक हमखास विचारत, “पुण्याच्या का?” ती नुसती हसायची. शाळेत एकदा ‘पानी’ म्हणाली म्हणून बाईंनी तिला उभं केलं होतं आणि सगळा वर्ग हसला होता. तेव्हापासून ती घरीही पाणीच मागत आली.

आजचं काम इंग्लंडमधल्या एका म्युझियमचं होतं. कुण्या साहेबाने फार पूर्वी भाषेचा नमुना म्हणून एका बाईचा आवाज तबकडीवर उतरवून नेला होता. तो आता तिथे येणाऱ्या मराठी प्रेक्षकांना ऐकवणार होते. आधी रुतिकाच्या आवाजात त्या बाईची ओळख, मग तिचा आवाज.

“मूळ ऐकव ना,” ती म्हणाली.

“खरखर आहे नुसती. आणि शब्द कळत नाहीत.”

त्याने लावलं. खरखर झाली, मग लांबून यावा तसा एक खडा आवाज आला.

“भरती चरली. बांध फुटला. खारीन पानी शिरला हाय. कोनी हाय का घरान?”

रुतिकाने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. तबकडी संपली तरी ती तशीच उभी होती.

“बघ,” आशुतोष म्हणाला. “ही काय मराठी नाही. कुठलीतरी बोली आहे. फलकावर चुकलंय त्यांचं. मी कळवतो, हा तुकडा काढून टाका म्हणून. त्या जागी तू शुद्ध मराठीत म्हण. अर्थ इंग्रजीतनं आलाय त्यांच्याकडून.”

“फलक बरोबर आहे.”

“म्हणजे?”

“भरती चढली, बांध फुटला, शेतात खारं पाणी शिरलंय. ती शेजाऱ्यांना हाका मारतेय. हे मराठीच आहे. आमच्या घरात हेच बोलतात.”

आशुतोषने खुर्ची पुढे ओढली.

“तू पुण्याची ना?”

“मी कधी म्हटलं? इथलीच आहे. पावणे गावातली.”

त्याने तो तुकडा पुन्हा एकदा लावून ऐकला.

“ऐकणाऱ्यांना कळणार नाही गं.”

“महरट्टा तरी कुठे कळणारे? तो ठेवताय ना. तिलाही ठेवा. अर्थ मी नंतर सांगते. तिच्या आवाजावर माझा नको.”

“क्लायंटने कटकट केली तर?”

“मला फोन जोडून दे. मी बोलेन.”

आशुतोषने मान हलवली. रुतिकाने कागद सरळ केला आणि पहिल्यापासून वाचलं. “ही स्त्री महरट्टा भाषेत बोलत आहे,” या वाक्याशी आली तेव्हा तिचा आवाज इतका भरून वर गेला, की काचेपलीकडे आवाज मोजणारा काटा लाल रेषेला टेकला.

“मस्त, पण आवाज फाटला,” तो म्हणाला. “लेव्हल पुन्हा लावतो. काहीपण बोल.”

लेव्हलसाठी ती नेहमी एक ते दहा आकडे म्हणायची. आज तिने माइक थोडा जवळ घेतला.

“माजा नाव रुतिका. आमी पावन्याची. माजे आयेचा नाव जमुना. ती मिठागरान कामाला जायची. भरती कवा चरते, तिला अजून घरान बसून कलते. मना कलत नाय. मी कवा इचारलाच नाय तिला.”

काटा केव्हाच जागेवर आला होता. आशुतोषचा हात बटणावर होता, पण त्याने तिला थांब म्हटलं नाही. ती बोलत राहिली.