सगळे डावे

बंदरावरच्या गोदामातून समुद्रापलीकडे लढणाऱ्या फौजेला बूट जात. गोदामप्रमुखाचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नव्हता. चोरी होऊ नये म्हणून त्याने फर्मान काढले: डावे बूट एका जहाजातून, उजवे दुसऱ्या. एकाच पायाचा बूट चोरून कोण काय करणार?

"दाजी, चोर उपाशी मरेल हे खरं," पेट्या ठोकणारा त्याचा मेहुणा म्हणाला, "पण फौज लंगडी घालत लढायची!"

"तुला एवढी कळकळ का रे?" प्रमुखाने डोळे बारीक केले.

पुढे आघाडीवर लढणाऱ्या प्रमुखाच्या मुलाचा फोन आला. "बाबा, माझे बूट फाटलेत, बोटं गारठून काळी पडलीत. आणि तुमच्या पेट्यांत सगळे डावेच!"

प्रमुखाने फोन आपटला. "उजवे कोणी लांबवले?" तो मेहुण्यावर ओरडला.

"कोणी नाही. ते जहाज मुख्यालयाने वाटेतच दुसऱ्या आघाडीकडे वळवलं. तिथले लोक सगळे उजवे घेऊन कपाळाला हात लावून बसले असतील. भाच्याचे पाय वाचवायचे तर आता तरी जोड्या बांधू द्या, दाजी."

प्रमुखाने एक पेटी त्याच्याकडे ढकलली. "बांध," तो म्हणाला.

संध्याकाळी जोड्यांच्या पेट्या जहाजावर चढल्या. सुटी झाली तेव्हा प्रमुख फाटकाशी उभा होता. घरी निघालेल्या प्रत्येकाच्या पायांकडे तो निरखून पाहत होता, मेहुण्याच्या जरा जास्तच वेळ.