शेतावरची आजी

हातात दिलेल्या एप्रनवर मरून दोऱ्यानं भरलेलं होतं – 'दादी का चूल्हा'. साधनानं ते वाचलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिल्लीबाहेर, सोहन्याजवळच्या या शेतावर तंबूत एसी होता, तंबूमागं खऱ्या म्हशी होत्या, खरी मोहरी होती. पाहुण्यांसमोर चुलीवर रांधणारी एक खरी आजी तेवढी कमी होती, आणि ती विक्रांतनं, तिच्या पोटच्या पोरानं, बुकिंग करतानाच परस्पर कबूल करून टाकली होती.

"माँ के हाथ की भाकरी खाकर ही बड़ा हुआ हूँ," तो शेजारच्या तंबूतल्या बाईंना सांगत होता.

कुठली भाकरी? साधना दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढली, गॅसच्या शेगडीसमोर... पुढं जन्मभर केंद्र सरकारची नोकरी, ऑडिटच्या फायली, बसमध्ये लटकणं – आणि घरी दिनकर, तिचा नवरा, कुकर लावायचा, पावाला लोणी फासून या पोराला भरवायचा. दिनकर गेला, आणि पोरानं त्याला पुसूनही टाकलं! तिची नोकरीसुद्धा पुसली. गेल्याच महिन्यात ती निवृत्त झाली होती; मयूर विहारच्या आपल्या फ्लॅटमध्ये एकटीनं, कुणाचं काही न करता राहायचं, एवढंच तिनं ठरवलं होतं.

सुनेनं, निधीनं, व्हिडिओसाठी तिच्यावर मोबाइल रोखला होता. साधनानं बाजरीचं पीठ थापलं. उचलताना भाकरीचे दोन तुकडे झाले.

"चालतंय, आई. सवय गेलीय तुझी," विक्रांत म्हणाला. "नोएडाला आमच्याकडे रोज करशील, तर येईल परत. स्वानंदीलाही घरचं मिळेल. तुझ्या फ्लॅटला किरायेदार बघितलाय मी, बिल्कुल सज्जन माणूस. पुढच्या महिन्यात शिफ्ट करूया ना."

किरायेदार... माझ्या घरात, मला न विचारता... मी काय म्हैस आहे, या दावणीची सोडून त्या दावणीला बांधायला? रागानं तिची कानशिलं ठणकू लागली.

"मला भाकरी येत नाही, विक्रांत. कधीच येत नव्हती."

सगळे हसले. "कितनी सिंपल हैं आंटी," शेजारच्या बाई कौतुकानं म्हणाल्या.

"आजी, अजून एक बनव ना," स्वानंदी, तिची नात, म्हणाली.

उठावं. सगळ्यांसमोर सांगावं की मी कुठंही जाणार नाही, माझ्या घराला हात लावायचा नाही. टॅक्सी बोलवावी आणि थेट मयूर विहार गाठावं – मनात एकेक शब्द तयार होता, जिभेवर आला होता... आणि तोवर तिच्या हातांनी परातीतला दुसरा गोळा उचलला होता, पाण्याचा हात लावून थापायलाही घेतला होता. कुणी बळजबरी केली नव्हती. ती त्या हातांकडे बघत राहिली. विक्रांतवरचा राग कुठल्या कुठं गेला. आता त्या हातांचा आला, एवढा राग तिला आजवर कुणाचाच आला नव्हता.